अडथळा क्रमांक दोन

स्मृतीनं तो प्रेमपट एकूण चौदा तुकड्यांत पाहिला. अडीच तासांच्या चित्रपटाचे चौदा तुकडे एखाद्या दिग्दर्शकानं केले असते तर लोकांनी त्याला प्रयोगशील म्हटलं असतं. इथं ते काम तिच्या तीन वर्षांच्या लेकीनं, पुट्टीनं केलं होतं. नायक-नायिका उणकल तळ्याकाठी पहिल्यांदा समोरासमोर आले, त्याच क्षणी पुट्टीनं नाकात शेंगदाणा घातला. म्हणजे घातला असं स्मृतीला वाटलं. मोबाइलच्या उजेडात दोन्ही नाकपुड्या तपासून, नवऱ्याला, म्हणजे श्रीनिधीला, ऑफिसातून तातडीनं बोलावून, दवाखान्याची फाइल पिशवीत भरून झाल्यावर तो शेंगदाणा पुट्टीच्या मुठीत सापडला. तोवर पडद्यावर दोघांचं प्रेम जमून, भांडण होऊन, समेटसुद्धा उरकला होता.

स्मृती भित्री नव्हती. निदान तिचं स्वतःचं मत तसं होतं. ती फक्त पुढचं बघत असे, आणि पुढचं बघितलं की दर वेळी तिथं दवाखानाच दिसे, हा काही तिचा दोष नव्हे. घराबाहेर पडताना गॅसचं बटण ती तीनदा बघे. एकदा बंद आहे का म्हणून, दुसऱ्यांदा आपण खरंच बघितलं का म्हणून, आणि तिसऱ्यांदा, दुसऱ्यांदा बघताना चुकून चालू तर केलं नाही ना म्हणून.

तर अशा बाईला प्रेमपटाच्या वाटेला जायचं कारण म्हणजे धारवाडचं एक कॉलेज. तिथल्या मराठी विभागात ‘चित्रपट आणि कथानक’ असा नवा पेपर सुरू व्हायचा होता, आणि आठवड्यातून तीन दिवस येऊन तो शिकवणारं माणूस त्यांना हवं होतं. स्मृती एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आली होती. त्यानंतर लग्न, हुबळी, देशपांडे नगर आणि पुट्टी असा तिचा अभ्यासक्रम झाला. गेल्या तीन वर्षांत सलग पाच मिनिटं कुणाशी बोलताना ‘शू आली’ ही हाक ऐकू आली नाही असा प्रसंग तिला आठवत नव्हता. ही नोकरी मिळाली तर आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, तिच्या समोर बसलेल्या कुणालाही ती शू आली का हे विचारणार नव्हती. एवढंच तिला हवं होतं. पण ते इतकं हवं होतं, की हवं असल्याचीच तिला भीती वाटायला लागली.

कॉलेजनं नमुना पाठ घ्यायला सांगितला होता. पंचवीस मिनिटं, विषय ‘प्रेमपटाच्या कथानकाची रचना’, आणि चित्रपट मराठी विभागाच्या यादीतला. यादीत प्रेमपट एकच होता आणि तो कन्नड होता. मराठी विभागाच्या यादीत कन्नड चित्रपट कसा, हे तिनं कॉलेजातल्या सदाशिव कारकुनाला भीतभीत विचारलं. त्यानं तिच्याकडे बघून ‘नोड्री मॅडम’ म्हटलं आणि पुढं काहीच सांगितलं नाही. हुबळी-धारवाडात ‘नोड्री’ म्हणजे ‘बघा’. काय बघायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

या सदाशिवानं तिला चार पानी अर्ज दिला. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक रकाना हातानं आखून वाढवलेला होता. ‘पाच वर्षांखालील अपत्य असल्यास त्याचा सांभाळ कोण करणार, त्यांची सही.’ असा नियम आहे का, असं स्मृतीनं विचारलं. नियम नव्हता. गेल्या वर्षीच्या मॅडम बाळाला घेऊन वर्गात येत आणि बाळ वर्गापेक्षा ऑफिसातच जास्त बसे. सदाशिवाच्या शिक्क्याची गादी त्यानं दोनदा चाटली होती. तेव्हापासून सदाशिवानं हा रकाना स्वतःच्या अधिकारात सुरू केला होता. सही नसेल तर अर्ज पुढं जात नाही, असं तो म्हणाला, आणि ज्या ड्रॉवरातून तो पुढं जात नाही तो ड्रॉवर उघडून दाखवला.

म्हणजे सगळं सासूबाईंच्या सहीवर येऊन थांबलं. कौसल्याबाईंपुढं स्मृतीनं अर्ज ठेवला तेव्हा त्या शेंगाचटणी कुटत होत्या. त्यांनी चष्म्यावरून अर्जाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ठेव की तिथं. बघते.”

‘बघते’ हा शब्द स्मृती गेली पाच वर्षं अभ्यासत होती. त्याचा अर्थ होकार, नकार आणि विसर यांपैकी काहीही निघे.

शेजारच्या यमुनाक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली वर्ग नव्हता, म्हणून त्यांनी देशपांडे नगरातली सगळी गल्ली घेतली होती. नमुना पाठाचं कळताच त्या आल्या, आणि नुसतं बोलून काही उपयोग नाही, परीक्षकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. चौऱ्याऐंशी साली बी.एड.च्या पाठाला त्यांनी जिवंत कोंबडी नेली होती आणि त्या पहिल्या आल्या होत्या. प्रेमपटासाठी काय जिवंत न्यायचं यावर दोघींनी थोडा विचार केला आणि शेवटी मोठा तक्ता करायचं ठरलं. कागद फाटतो, म्हणून कापडाचा. कापड पांढरं, म्हणजे चिठ्ठ्या उठून दिसतात.

म्हणून स्मृती दाजीबानपेठेत गेली. तीन मीटर पांढरं मांजरपाट मागितल्यावर दुकानदारानं हातातली पट्टी खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, “कोण गेलं अक्का?”

कुणी गेलं नाही, प्रेमपटाची रचना करायची आहे, हे त्या गर्दीत कसं सांगायचं ते तिला सुचेना. तेवढ्यात त्यानं स्वतःच हात जोडले, कापड न ताणता सढळ हातानं फाडलं आणि नोकराला पिशवी रस्त्यापर्यंत नेऊन द्यायला सांगितलं. घरी येईपर्यंत स्मृतीनं घरच्या सगळ्यांना एकेक फोन केला. सगळे जिवंत होते. श्रीनिधीनं फोन उचलला नाही, म्हणून ती नऊ मिनिटं विधवा होती. तो मीटिंगमध्ये होता.

घरात एवढं कापड टांगायला एकच भिंत होती, ती हॉलची. तिथं स्मृतीनं तीन अंक आखले आणि चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. घटनांना पिवळ्या, प्रेमाला गुलाबी, अडथळ्यांना लाल. आणि मग ते झालं जे पाच वर्षांत झालं नव्हतं. तिचं डोकं चालायला लागलं. चौदा तुकड्यांत पाहिलेला चित्रपट त्या कापडावर एकसंध उभा राहिला. नायिका धारवाडात गाणं शिकणारी. नायक हुबळीत मोबाइल दुरुस्त करणारा. पहिल्या अंकात भेट, दुसऱ्यात अडथळे, मध्यंतराला ताटातूट, तिसऱ्यात मांडवातून पळ. अडथळा क्रमांक एक, नायकाचं उत्पन्न. अडथळा क्रमांक दोन तिनं मोठ्या लाल चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहिला, कारण कथानकाचा सगळा भार त्याच्यावरच होता: ‘अडथळा क्रमांक दोन: मामा.’ नायिकेचं लग्न ती पाळण्यात असतानाच मामाशी ठरलेलं होतं. खाली बारीक अक्षरात तिनं ‘प्रेमाच्या वाटेतली जुनाट भिंत’ असंही लिहिलं. चिकटपट्टी लावून चिठ्ठी जागेवर बसवली, दोन पावलं मागं सरली आणि कित्येक वर्षांनी स्वतःवर खूश झाली.

तेवढ्यात आतून कौसल्याबाईंचा आवाज आला. “मामा, चहा झालाय. या.”

स्मृतीनं चिठ्ठी पुन्हा वाचली.

आता हे सांगायला हवं, की कौसल्याबाई मामा म्हणत होत्या ते त्यांच्या नवऱ्याला. दत्तात्रेयअप्पा हे कौसल्याबाईंच्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. साताऱ्याकडे, म्हणजे स्मृतीच्या माहेरी, हे ऐकून लोक कानांवर हात ठेवतात. स्मृतीच्या आईनं स्थळ आलं तेव्हा तीनदा विचारून खात्री करून घेतली होती. पण इकडे मामानं भाचीशी लग्न करणं म्हणजे चपातीऐवजी भाकरी खाण्याइतकं साधं. कौसल्याबाई लग्नाआधी मामा म्हणायच्या, लग्नानंतरही मामाच म्हणत राहिल्या. दिवसातून तीसदा ती हाक ऐकून स्मृतीच्या कानांना तिची इतकी सवय झाली होती, की लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. सासूबाईंच्या सहीवर आयुष्य अडलेलं असताना, त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच नवऱ्याला तिनं लाल कागदावर अडथळा ठरवलं होतं. तेही क्रमांक देऊन.

तिनं चिठ्ठी ओढून काढली. केराच्या डब्यात टाकायची सोय नव्हती, कारण सुनेनं कोथिंबिरीचे देठ टाकले का हे बघायला कौसल्याबाई रोज डबा तपासत. फाडावी तर आवाज होईल. तिनं ती सोफ्याच्या उशीखाली सारली आणि चेहरा सरळ करून चहा प्यायला गेली.

चहा पिऊन अप्पा चष्म्याची काडी बसवून आणायला कोप्पीकर रोडला निघाले. निघण्याआधी नातीला घोडा घोडा करायचा त्यांचा नेम होता. सोफ्यापाशी तो कार्यक्रम झाला. पुट्टीला उशीखाली काहीतरी चिकट सापडलं होतं, आणि चिकट वस्तू कुठंतरी चिकटवायचीच असते हे तिला आईकडूनच त्या सकाळी शिकायला मिळालं होतं. अप्पांचा सदरा पांढराशुभ्र, पाठ रुंद.

ते सव्वा तास फिरले. सबंध देशपांडे नगर ओलांडून कोप्पीकर रोडपर्यंत गेले, चष्म्याच्या दुकानात बसले, केळी घेतली, येताना मित्रांच्या बाकावर टेकले. ‘अडथळा क्रमांक दोन: मामा’ हे त्यांच्या पाठीवर शंभरेक माणसांनी तरी वाचलं असेल. कुणी सांगितलं नाही. मित्रांनी तर नंतर असं म्हटलं, की आम्हाला वाटलं कसली तरी मोहीम असेल, निवडणुकीची वगैरे, आणि एक नंबरचा उमेदवार मागून येत असेल.

ते घरी आले आणि चपला काढायला वाकले. दार कौसल्याबाईंनी उघडलं होतं. स्मृती स्वयंपाकघराच्या दारात होती आणि तिच्या मागं दूध उतू जात होतं, पण ते तिला फार लांबचं वाटलं. कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. खालची बारीक अक्षरं वाचायला चष्मा वर-खाली केला. मग ती हलक्या हातानं सोडवली, चार घड्या घातल्या, कमरेच्या बटव्यात ठेवली, आणि “काडी बसली काय?” असं नवऱ्याला विचारून त्या आत गेल्या. दूध त्यांनीच बंद केलं.

एवढंच. पुढं काहीच झालं नाही. माणसाला घाबरवायचं तर काहीच न होण्यासारखा उपाय नाही.

संध्याकाळी यमुनाक्का आल्या. गल्लीतून त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती आणि त्यांना फक्त एकच तपशील हवा होता: क्रमांक एक कोण? मग त्यांनीच कौसल्याबाईंकडे सहानुभूतीनं बघितलं, स्मृतीकडे शिक्षिकेच्या नजरेनं बघितलं, आणि आजकालच्या मुलींना म्हातारी माणसं अडचणच वाटतात, असं भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणाल्या. स्मृती चित्रपटाचं कथानक समजावायला लागली, पण नायिकेचं लग्न कुणाशी ठरलेलं होतं तिथपर्यंत आली आणि थांबली. तिथं थांबल्यामुळं जे वाटू नये ते सगळं यमुनाक्कांना वाटलं. जाताना त्या कौसल्याबाईंना, काही लागलं तर मी आहे, असं सांगून गेल्या.

पुढचे चार दिवस स्मृतीनं आपल्याच घराचं कथानक तपासण्यात घालवले. कौसल्याबाई नेहमीसारख्याच बोलत होत्या, आणि हीच गोष्ट सगळ्यांत संशयास्पद होती. ‘आमटीत मीठ कमी आहे’ यात पुढच्या घटनेची सूचना होती का? ‘पुट्टीचा फ्रॉक वाळला काय?’ म्हणजे पुट्टीचं आता तूच बघ, असं तर नव्हे? अर्ज देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होता. रकाना रिकामा होता. स्मृती दिवसातून पाच-सहा वेळा देवाला नमस्कार करायला जाऊन तो बघून येई. घरात तिची श्रद्धा वाढल्याचं अप्पांनी कौतुकानं बोलूनही दाखवलं. त्या बिचाऱ्यांना पाठीवरचं अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते इतकं गोड बोलत की तिला रडू येई.

श्रीनिधीचं म्हणणं, आईला काही वाटलं नसेल. लग्नापासून प्रत्येक प्रसंगी त्याचं हेच म्हणणं होतं. अधिक खोदल्यावर त्यानं तोडगा सुचवला, की मामाच काढून टाक, नाहीतरी सिनेमात तो दहा-बारा मिनिटंच असेल.

भ्यालेल्या माणसाला कुठलाही सल्ला शहाणपणाचा वाटतो. स्मृतीनं मामा काढून टाकला. पण तक्त्यावर मधोमध भोक पडलं. दुसऱ्या अंकात नायक-नायिका वेगळी होतात आणि का होतात याला कारणच उरलं नाही. तिनं चित्रपट पुन्हा पळवून बघितला. एका प्रसंगात रेल्वे फाटक बंद होतं आणि नायक पलीकडे राहतो. पाऊण मिनिटाचा प्रसंग. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. स्मृतीला फाटकाच्या दांड्याचा झाला. तिनं नवीन लाल चिठ्ठी लिहिली. ‘अडथळा क्रमांक दोन: फाटक.’

पाठाच्या दिवशी श्रीनिधीला रजा मिळाली नाही. पुट्टीला कुणापाशी ठेवायचं हे विचारायला स्मृती तोंड उघडणार, तर कौसल्याबाई इरकल साडी नेसून, बटवा कमरेला खोचून बाहेर आल्या. “मीच येते धारवाडला. पुट्टीला घेऊन मागं बसते.” कोनाड्यातला अर्जही त्यांनीच पर्समध्ये घातला. स्मृतीला वाटलं, आरोपीला कोर्टात नेताना फिर्यादीही त्याच गाडीत बसलाय.

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या त्या वातानुकूलित बसला इकडे चिगरी म्हणतात, म्हणजे हरीण. स्मृती हरणाच्या पोटात गुंडाळलेलं कापड उराशी धरून बसली. बसचं दार पुट्टीच्या बोटांवर मिटेल का, पाठाचं पहिलं वाक्य काय होतं, आणि गॅस, या तीन भीती तिनं नवनगरपर्यंत आळीपाळीनं वापरल्या. कौसल्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

कॉलेजात सदाशिवानं त्यांना दारातच अडवलं. नमुना पाठाला नातेवाईक चालत नाहीत. मात्र त्याच्यापुढं दुसरी एक अडचण होती. नियमाप्रमाणं वर्गात किमान सहा विद्यार्थी लागत, आणि परीक्षेच्या सुट्टीमुळं त्याला चारच मिळाले होते. त्यानं कौसल्याबाईंकडे बघितलं, पुट्टीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. वयाची अट कुठं लिहिलेली नव्हती. हजेरीपटावर पाचवी विद्यार्थिनी कौसल्या आणि सहावी विद्यार्थिनी पुट्टी अशी नोंद झाली. कौसल्याबाईंनी सही केली. ज्या सहीसाठी स्मृती इतके दिवस देवाला नमस्कार करत होती, ती भलत्याच कागदावर अशी सहज झाली.

परीक्षक तिघं होते. प्राचार्य कमल गलगलीबाई आणि दोन गृहस्थ, ज्यांतले एक शेवटपर्यंत बोलले नाहीत आणि दुसरे सुरुवातीपासूनच पेंगत होते. कापड टांगून झालं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. पहिला अंक, भेट, सुरुवातीचा गोडवा, अडथळा क्रमांक एक. स्मृतीचा आवाज आपोआप उंच झाला, एम.ए.तली ती दुसरी आलेली मुलगी कुठूनतरी परत येत होती. मग फाटक आलं.

“एक मिनिट हं,” गलगलीबाई म्हणाल्या. “मी हा सिनेमा दोनदा बघितलाय. मध्यंतरानंतर ती मुलगी वीस मिनिटं रडते. फाटकासाठी?”

स्मृती म्हणाली की फाटक हे प्रतीकात्मक आहे.

“असेल. पण फाटक उघडतं की लगेच. गाडी गेली की उघडतं. मग?”

चारही खऱ्या विद्यार्थ्यांनी वह्यांतून माना वर काढल्या. प्रश्न त्यांनाही पटला होता.

“आणि लग्नाच्या मांडवात मुंडावळ्या बांधून जो बसलाय, तो कोण? गेटमन?”

वर्ग हसला. उत्तर स्मृतीला माहीत होतं. या कापडावर पहिल्याच दिवशी तिनं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पण शेवटच्या बाकावर कौसल्याबाई बसल्या होत्या, आणि ते उत्तर म्हणजे त्यांचा नवरा. तोंड उघडावं तर घर जातं, मिटावं तर नोकरी. तिनं फाटकाची चिठ्ठी उगाच सरळ केली. मागून पुट्टीनं विचारलं, “अम्मा, तुला शू आली?”

तेव्हा कौसल्याबाईंनी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपरात सरळ.

“आहे त्यात मामा,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “त्याच्याशीच तिचं ठरलेलं असतं. हिनं आधी लिहिलं होतं. मग काढलं. घाबरून.”

गलगलीबाईंनी विचारलं, घाबरून का?

“आमचे मालक माझे मामा, म्हणून. हिला वाटलं मला राग येईल. आला की राग. पण मामाचा नव्हे. फाटकाचा आला.”

आता पेंगणारे गृहस्थही जागे झाले.

“मला पुढं शिकायचं होतं,” कौसल्याबाई अगदी साध्या आवाजात, मंडईचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. “ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली त्यांच्या गळ्यात हार घाल, असं घरचे म्हणाले. तीन दिवस मी जेवले नाही. चौथ्या दिवशी मामा स्वतः भाकरी घेऊन आले आणि समोर बसले. काही बोलले नाहीत. तेही जेवले नव्हते. आता चव्वेचाळीस वर्षं झाली, माणूस सोन्यासारखा आहे. पण तेव्हा अडथळाच होते. तो खरा होता म्हणून तर मी रडले. फाटकासाठी कोण रडतंय?”

त्या चालत पुढं आल्या, बटव्यातून चार घड्यांची लाल चिठ्ठी काढली आणि फाटकावर लावली. ती खाली पडली. चिकटपट्टीचा डिंक गेला होता. त्यांनी ती उचलली, तळहातानं कापडावर दाबून धरली आणि सुनेला म्हणाल्या, “मी धरते. तू बोल.” मग हळूच, “नंबर तेवढा चुकलाय बघ. एक पाहिजे.”

स्मृती बोलली. पुढची बारा मिनिटं ती काय बोलली हे तिला नंतर नीट आठवलं नाही, पण चार विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतलं. या चित्रपटातला मामा वाईट नाही, हीच त्याची रचना आहे, असं ती म्हणाली. तो दुष्ट असता तर नायिका पहिल्याच रिळात पळाली असती आणि कुणाला काही वाटलं नसतं. त्यानंच तिला सायकल शिकवली, त्यानंच गाण्याच्या क्लासची फी भरली, म्हणून तिला जाता येत नाही. प्रेमपटात अडथळा भिंतीसारखा नसतो. तो घरातल्या माणसासारखा असतो. त्याला ओलांडताना आपलंच काहीतरी मोडतं. आणि दिग्दर्शकानं त्या मामाला एकूण नऊच वाक्यं दिली आहेत, एकदाही त्याचा चेहरा जवळून दाखवलेला नाही, ही या कथानकातली खरी चूक. हे शेवटचं तिनं आधी कुठंही लिहिलेलं नव्हतं. समोर एक सुरकुतलेला हात ती चिठ्ठी धरून होता, त्याच्याकडे बघताना ते सुचलं.

गलगलीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. सोमवारपासून या म्हणाल्या. मग सदाशिवानं त्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं, तशा हसून म्हणाल्या की यांचा तो रकाना तेवढा भरून द्या, नाहीतर हा मला पगार काढू देणार नाही. स्मृती पुट्टीला घेऊन बाथरूमकडे धावली, कारण आता पुट्टीला खरंच शू आली होती. परत येईपर्यंत सासूबाई आणि गलगलीबाई कन्नडमध्ये खूप वेळच्या मैत्रिणींसारख्या बोलत होत्या, आणि ती आल्यावर गप्प झाल्या. स्मृतीनं ताबडतोब धास्ती घेतली.

परतीच्या बसमध्ये पुट्टी मांडीवर झोपली. स्मृतीनं धारवाड मागं पडेपर्यंत धीर धरला. आनंद आधी नीट तपासून घ्यायचा तिचा स्वभाव होता; त्यात कुठंतरी शेंगदाणा असतोच.

“आई,” ती शेवटी म्हणाली, “सोमवारपासून तीन दिवस पुट्टीला... म्हणजे तो रकाना. तुम्ही सांभाळाल ना?”

“नाही,” कौसल्याबाई म्हणाल्या.

स्मृतीनं मान खाली घातली. होणारच होतं हे. तीन अंक झाले, आता शेवट.

“मी कशी सांभाळू? मी येणार आहे तुझ्या वर्गाला. बाईंना विचारलंय. मागं बसायला त्यांची हरकत नाही, परीक्षा तेवढी देता येणार नाही म्हणाल्या.” त्यांनी पर्समधून अर्ज काढून गुडघ्यावर सरळ केला, मागच्या प्रवाशाकडून पेन मागून घेतलं आणि रकान्यात ठळक अक्षरांत नाव घातलं. दत्तात्रेय. “सही घरी गेल्यावर घेऊ.”

स्मृतीच्या डोळ्यांपुढं सोमवार उभा राहिला. ज्यांनी जन्मात कधी दूध तापवलं नव्हतं, ज्यांना स्वतःच्या पाठीवरचं कळलं नव्हतं, ते अप्पा आणि पुट्टी. आणि तिसरं गॅसचं बटण.

“पण आई, अप्पांना विचारलंत का तुम्ही?”

कौसल्याबाईंनी पेनाला टोपण लावलं, ते ज्याचं त्याला परत केलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

“मला तरी कुणी विचारलं होतं?”